लंगड्या बिबट्याचा पिंजरा

महागूने मालकाला पिंजऱ्याबाहेर ओढून काढलं, तेव्हा टिकाराम नगपुरे अजून श्वास घेत होता.

मानेतून रक्ताची धार लागली होती. महागूचा स्वतःचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडून निघाला होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने मालकाचं डोकं मांडीवर घेतलं, कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी म्हटलं. टिकारामचे डोळे विस्फारले. मग ते तसेच राहिले.

स्वयंपाकघरातून धावत आलेल्या दोन बायका पाच पावलांवर थबकल्या होत्या. एक मैनाबाई, आश्रमातली स्वयंपाकीण. दुसरी मारित, सहा आठवड्यांपूर्वी नॉर्वेहून आलेली चोवीस वर्षांची मुलगी. देश बघत फिरताना काही दिवस जखमी जनावरांची सेवा करावी, म्हणून ती बालाघाटला थांबली होती.

"महागूनं रामाचं नाव घेतलं त्याच्या कानात," मैनाबाईने नंतर पोलिसांना सांगितलं. "शेवटी तेवढं तरी पडलं कानावर."

१९७१ सालच्या फेब्रुवारीतला तो गुरुवार होता. सब-इन्स्पेक्टर खेमराज मेश्राम साडेआठला आश्रमावर पोहोचला. वारासिवनीजवळच्या खेड्यात वाढलेला, नागपूरला शिकलेला, बत्तीस वर्षांचा माणूस. कागदावर त्याचा विश्वास होता. कागद लिहिणाऱ्यांवर तेवढा नव्हता.

टिकाराम नगपुरेला जिल्ह्यात सगळेच ओळखत. बारा-पंधरा वर्षं त्याने शिकारीचा धंदा केला. परदेशी साहेब यायचे, टिकाराम त्यांना बैहरच्या जंगलात न्यायचा, हाका घालायला, म्हणजे आरडाओरडा करत जनावर बंदुकीसमोर आणायला, गावोगावची माणसं जमवायचा. गेल्या वर्षी वाघाच्या शिकारीवर बंदी आली. टिकारामने बंदुका भिंतीवर टांगल्या आणि वैनगंगेच्या काठी, उंचवट्यावर, प्राणिसेवा आश्रम काढला. खांदे सडलेले बैल, पंख मोडलेला सारस, दोन म्हाताऱ्या म्हशी, पाच-सहा कुत्रे. आणि सापळ्यात पुढचा पंजा गमावलेला एक बिबट. त्याला सगळे लंगड्या म्हणत. दर रविवारी लोक तो बघायला येत. टिकाराम स्वतः पिंजऱ्यात शिरून मांस ठेवायचा, आणि टाळ्या पडायच्या.

खेमराजने आधी प्रेत पाहिलं. मग पिंजरा.

पिंजऱ्याच्या दोन खोल्या होत्या. मागची अंधारी, बिबट्याची. पुढची जाळीची. मधे लोखंडी झडप. बाहेरच्या बाजूने साखळी ओढली की झडप वर जायची, सोडली की आपल्या वजनाने खाली पडायची. सकाळी झडप खाली असताना टिकाराम पुढच्या खोलीत शिरायचा, मांस ठेवून, हौद भरून बाहेर यायचा आणि चहाला निघून जायचा. मग महागू साखळी ओढायचा.

आता झडप वर होती. साखळी आकड्याला अडकवलेली होती. मार खाल्लेला लंगड्या मागच्या अंधारात दबून गुरगुरत होता.

पुढच्या खोलीत कोपऱ्यात मांसाचा तुकडा तसाच पडला होता. पाण्याचा हौद काठोकाठ भरलेला. दोन रिकाम्या बादल्या एकात एक घालून दाराशी ठेवलेल्या. रक्त फक्त दाराजवळ.

खेमराज हौदाकडे बराच वेळ बघत राहिला.

"काय झालं, महागू?"

महागू चाळिशीतला, वाळक्या अंगाचा माणूस. हाताला मारितने पट्टी बांधून दिली होती. "साहेब, मी अथी नोहतोच. मालक म्हणे, म्हशी धुवून आन, आज झडप मीच उचलतो. मी नदीवर गेलतो. किंकाळी आयकली अन् पयत आलो. लंगड्या मालकाच्या मानेले लटकला होता. बल्लीनं हानला, तवा मांगं सरला."

"झडप कोणी उचलली?"

"उचलली कोनं? राती पाडलीच नसंल. रोज सांजच्याले लंगड्या आत गेला का झडप पाडाचं काम त्या पोरीकडे हाये. मांगची खोली अंधारी. मालकाले दिसलं नसंल." तो थांबला. "पोरगी हाये साहेब. चूक झाली असंल. तिले काही करू नका."

"मालकाचा तुला राग होता?"

"मालक होता म्हनून आमी दोघं जगलो." त्याने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "मैनाबाई माही वैनी. माहा भाऊ नथ्थू हाक्यात मेला, नऊ वर्सं झाली. मोहाची पिऊन गवतात घुसला, बिबट्यानं फाडला. त्याले राती मोहाची म्याच पाजली होती, साहेब. तवापासून म्या थेंब नाही घेतला. मालकानं आमाले दोघायले कामावर ठेवलं."

खेमराजने वहीत लिहिलं. मग त्याने मारितला बोलावलं. तिच्याशी तो इंग्रजीत बोलला. तिला हिंदी मोडकीतोडकी येत होती, मराठी मुळीच नाही.

"काल संध्याकाळी झडप पाडली होती?"

"हो. आवाज होतो मोठा. मी स्वतः ऐकला."

"कोणी पाहिलं?"

"नाही."

"इथे कशासाठी आलात?"

"जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेत होते. मधेच सोडलं. कुठेतरी उपयोगी पडावं असं वाटलं." तिच्या हातांवर कुत्र्यांच्या दातांचे व्रण आणि औषधांचे डाग होते. सहा आठवडे तिने बैलांच्या खांद्यांतल्या अळ्या वेचल्या होत्या. नाटक करायला आलेला माणूस एवढं करत नाही, असं खेमराजला वाटून गेलं.

"घरी कोण आहे?"

"कोणी नाही. आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील मागच्या वर्षी."

वडिलांचा उल्लेख करताना तिने नजर खाली घेतली.

मैनाबाई चुलीपाशी बसली होती. पंचेचाळीस वर्षांची, हाडापेराने मजबूत, बोलायला सडेतोड.

"किंकाळी आली तेव्हा तू कुठी होती?"

"अथीच. ही बाई माह्यासंगं होती, चहा पेत होती. आमी दोघी पयालो."

"किती वेळात पोहोचल्या?"

"किती म्हंजे? तीस पावलं तर हाये. दम लागाच्या आत पोचलो. तवा महागू आतच होता, बल्ली घेऊन. मंग त्यानं मालकाले वढून बाहेर आनलं."

"मालकासाठी वाईट वाटते?"

"वाईट काहून नाही वाटंल? मालक होता. खाले देल्लं." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "या कुत्र्यायचं समजून नाही राह्यलं मले. दोन दिसापासून पेजेले तोंडच लावत नाही. पोटं तट्ट, अन् पेज जशीच्या तशी. बाई रोज त्यायचं आंग पुसते, दवा लावते, तिलेबी समजत नाही."

"बाई चांगली आहे?"

"लय मयेची हाये. सोमवारी माह्यापाशी बसली, माहा हात धरला, अन् बोलत राह्यली, रडत राह्यली. तिची बोली मले काय समजते? साहेबायसंगं हिंडून महागूले समजते, त्याले बलावलं. तो म्हने, तिची माय तिकडे बिमार हाये, म्हनून रडून राह्यली. म्या तिले चहा करून देल्ला. आनिक काय करू?"

खेमराजने तेही लिहून घेतलं.

जाताना तो मुद्दाम नदीपर्यंत उतरून गेला. म्हशी पाण्यात बसल्या होत्या. तिथून पिंजऱ्यापर्यंतची चढण त्याने झपाझप चढून पाहिली. सात मिनिटं लागली. शिपाई तेजराम मागे धापा टाकत आला. "काय साहेब, कसरत करून राह्यले का?"

"हौ," खेमराज म्हणाला.

दुपारी त्याने पोलीस कार्यालयात परदेशी पाहुण्यांची नोंदवही काढली. मारित हाउगेन. हाउगेन हे आईचं आडनाव. वडिलांचं नाव त्याखालच्या रकान्यात होतं: एरिक सोल्बर्ग.

नऊ वर्षांपूर्वी हाक्यात मेलेल्या माणसाची फाईल बैहरला असणार. शुक्रवारी सकाळी खेमराज जीप घेऊन बैहरला गेला. ठाण्याच्या कपाटातून मुन्शीने वाळवी लागलेलं बंडल काढून दिलं. तीनच कागद होते.

टिकारामचा जबाब: हाकेवाला नथ्थू दारूच्या नशेत होता, मनाई करूनही जखमी बिबट्याच्या मागे गवतात शिरला.

महागूचा जबाब: होय, आदल्या रात्री मी त्याला मोहाची दिली होती.

तिसरा इंग्रजीत, एका ओळीचा: वरील हकीकत खरी आहे. खाली शिकाऱ्याची सही. एरिक सोल्बर्ग.

परत आल्यावर खेमराजने तो कागद मारितच्या समोर ठेवला.

तिने वडिलांच्या सहीवर बोट ठेवलं. मग बोलली तेव्हा थांबली नाही.

"हे खोटं आहे. माझे वडील मरताना मला सांगून गेले. गोळी त्यांनी झाडली. बिबट पडला, उठला, गवतात गेला. त्यांनी टिकारामला सांगितलं, जिवंत आहे, थांबायला हवं. टिकारामला थांबायचं नव्हतं, दुसऱ्या दिवशी दुसरे पाहुणे येणार होते. त्याने नथ्थूला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. नथ्थू हसत हसत गवतात गेला. नंतर एका वाटाड्याने वडिलांना सांगितलं, टिकाराम म्हणाला होता, बिबट मेलाय, जा, ओढून आण."

"आणि दारू?"

"नथ्थू पूर्ण शुद्धीत होता. वडिलांशी खुणांनी बोलत होता, त्यांची पाण्याची बाटली धरून उभा होता. पण टिकाराम म्हणाला, सही करा, नाहीतर खटल्यात अडकाल. त्यांनी सही केली आणि देश सोडला. आयुष्यभर पुन्हा बंदूक धरली नाही. मी नथ्थूच्या बायकोला शोधत आले. ती टिकारामच्याच आश्रमात स्वयंपाक करत होती."

"टिकारामला तुम्ही कोण ते माहीत होतं?"

"नाही. सहा आठवडे मी त्याच्या हाताखाली काम केलं. रोज सकाळी त्याला नमस्ते केलं." तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "मला तो मेल्याचं दुःख नाही. पण मी त्याला मारलं नाही."

"हे सगळं तुम्ही कुणाला सांगितलं?"

"मैनाबाईला. सोमवारी. महागूने तिला समजावून सांगितलं. मी हिंदीत सांगत होते, तो तिच्या भाषेत. वडिलांच्या वतीने मी माफी मागितली. तिने काही न बोलता मला चहा करून दिला." मारितचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तिने माफ केलं."

खेमराजने पेन खाली ठेवलं.

शनिवारी सकाळी दहा वाजता त्याने तिघांना आश्रमाच्या ओसरीत बसवलं. तेजराम दाराशी उभा राहिला. खेमराजने मारितसाठी प्रत्येक वाक्य इंग्रजीत पुन्हा सांगायचं ठरवलं होतं, आणि तसंच केलं.

"आधी झडप," तो म्हणाला. "महागू म्हणते, झडप रातीपासून वरच होती. म्हणजे मालक आत शिरला तेव्हा त्याच्यात आणि लंगड्यात काही नव्हतं. पण मालकानं मांस ठेवलं. दोन बादल्या पाणी ओतून हौद काठोकाठ भरला. बादल्या एकात एक घातल्या. दाराशी आला. एवढ्या वेळ बिबट काय बघत बसला होता? रक्त दाराजवळच आहे. सगळं काम झाल्यावर, पाठ फिरल्यावर हल्ला झाला. झडप तोपर्यंत खालीच होती. मग कोणीतरी साखळी ओढली."

खेमराजने वहीचं पान उलटलं.

"त्यातही लंगड्या उपाशी होता. मैनाबाई, तुझे कुत्रे पेज काहून खात नव्हते? कारण त्यांना मांस मिळत होतं. लंगड्याचं मांस. मालक ते ठेवून चहाला गेला की आधी मांस काढून कुत्र्यांपुढे टाकायचं, मगच झडप उचलायची. मंगळवारी आणि बुधवारी. हे कोण करू शकतो? मालकाच्या मागे जो पिंजऱ्यापाशी राहतो, तो."

मैनाबाईने मान वळवून दिराकडे पाहिलं. महागू जमिनीकडे बघत होता.

"तू नदीवर होता म्हणतो. म्हशी होत्या तिथे, खरं आहे. तू त्यांना सोडून परत आलता. मी चढण चढून पाहिली. पळत आलं तरी चार मिनिटं लागतील. या दोघी तीस पावलांवर होत्या, किंकाळी ऐकताच धावल्या. आणि त्या पोहोचल्या तेव्हा तू पिंजऱ्याच्या आत होता. त्यांच्या आधी तू कसा आला?"

"साहेब," महागू म्हणाला, "मालकाले म्या कशाले मारू? त्याच्या मिठावर..."

"तेच मला कळत नव्हतं. नऊ वर्षं तुला राग नव्हता. सोमवारपर्यंत नव्हता." खेमराज मैनाबाईकडे वळला. "सोमवारी बाई काहून रडत होती?"

"सांगतलं ना. तिची माय बिमार हाये."

"तिची माय वीस वर्षांआधी मेली."

मैनाबाईच्या कपाळाला आठी पडली.

"आधी मला तुझा संशय आला," खेमराज तिला म्हणाला. "बाईनं तुला काहीतरी सांगितलं होतं, आणि ते ऐकून कोणालाही खून चढला असता. पण तू ते ऐकलं असतं, तर त्या रडण्याची गोष्ट आपणहून माझ्यापुढे काढली नसती. तू काढली, कारण तुला त्यात काही वावगं दिसलंच नाही. बाईचं बोलणं तुझ्यापर्यंत आलंच नाही. मधल्या माणसापाशी थांबलं."

महागूने डोकं वर केलं. त्याचा चेहरा आता नोकराचा राहिला नव्हता.

"हौ," तो म्हणाला. "म्याच ओढली साखळी."

तेजराम एक पाऊल पुढे आला. खेमराजने हाताने त्याला थांबवलं.

"नऊ वर्सं, साहेब. नऊ वर्सं मले वाटे, माह्या मोहानं भाऊ मेला. वैनीच्या तोंडाकडे म्या कधी सरळ पाह्यलं नाही. याच मालकाचे पाय धरून म्हनलं, तुमी आमाले पोटाशी लावलं. तो माह्या पाठीवरून हात फिरवे. म्हने, जाऊ दे महागू, तुही काही चूक नाही." त्याचा आवाज चिरकला. "त्याले मालूम होतं! त्यानंच धाडला होता त्याले! अन् पाप माह्या डोक्यावर ठेवून वरून हात फिरवत होता."

"मग पोलिसात काहून नाही आला?"

"पोलिसात?" महागू हसला. "पोलिसायनंच लिवलं होतं ना, नथ्थू पिला होता म्हनून."

खेमराजने बैहरहून आणलेला कागद पालथा करून ठेवला.

"मग त्याला बाहेर काहून काढलं? स्वतःचा हात फाडून घेतला."

"त्याले तसाच मरू देल्ला असता, तर त्याले वाटलं असतं, जनावरानं मारलं. त्याले मालूम होनं जरूरी होतं. म्या त्याच्या कानात म्हनलं, नथ्थू पिला नोहता, मालक." महागूने डोळे मिटले. "समजलं त्याले. म्या पाह्यलं."

"आणि झडपेचा आळ या पोरीवर टाकला," खेमराज म्हणाला.

"तिच्या बापानं सही केली होती," महागू म्हणाला. एवढंच.

मैनाबाई उठली. तिला अजून सगळं कळलं नव्हतं; कळायला लागलं होतं.

"नथ्थू पिला नोहता म्हंजे? काय म्हनून राह्यला हा? कोनी मले सांगा."

खेमराजने सांगितलं. मारित थांबत थांबत बोलत गेली, आणि त्याने तिचं एकेक वाक्य मैनाबाईला दिलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. पाण्याची बाटली, नथ्थूचं हसू, ओढून आण हे शब्द, कागदावरची सही.

मैनाबाई उभ्यानेच ऐकत राहिली. मारितने हात जोडले तेव्हा तिने ते जोडलेले हात धरले आणि खाली केले. मग ती महागूसमोर गेली. सगळ्यांना वाटलं, ती त्याच्या डोक्यावर हात ठेवेल.

तिने त्याच्या थोबाडीत मारली.

"म्या त्याले रडली नाही," ती म्हणाली. "दारू पिऊन मेला, मले अन् पोरीले उघडं टाकून गेला, म्हनून म्या नऊ वर्सं त्याले शिव्या देल्ल्या. पोरीले सांगतलं, तुहा बाप बेवडा होता. ती सासरी जाताना बापाचं नाव घेऊन नाही रडली. सोमवारी तुले समजलं. तीन दिस तू माह्या हातची भाकर खाल्ली, अन् मले बोलला नाही!"

"वैनी, तुह्यासाठीच..."

"माह्यासाठी नाही. तुह्यासाठी मारला तू त्याले. तुह्या डोक्यावरचं उतरवाले. माहा नवरा होता तो. माहा हिसाब होता. तू कोन मधात?"

महागूने मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. तेजरामने त्याला जीपकडे नेलं.

महागूला पुढे जन्मठेप झाली. आश्रम बंद पडला. सारस आणि बैल आसपासच्या गावांनी नेले, कुत्रे पांगले, लंगड्याला जंगल खात्याच्या लोकांनी पिंजऱ्यासकट ट्रकवर चढवलं. मारितचा देशात राहायचा परवाना संपायला तेव्हा बारा दिवस होते. ते तिने बैलांचे खांदे भरून आणण्यात घालवले. तिची जायची वेळ आली तेव्हा मैनाबाईने तिच्याकडे एक गोष्ट मागितली.

बैहरच्या वाटेवर साल्हेटोला नावाचं गाव आहे. नथ्थूचं गाव. रविवारी, भर बाजारात, मारित एका बैलगाडीवर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. खेमराज साध्या कपड्यांत आला होता. बोलणं त्यानेच समजावून दिलं. मैनाबाई आणि तिची मुलगी सर्वांत पुढे बसल्या होत्या. मुलीने पदर तोंडाला लावला होता आणि ती हुंदके देत होती.

बोलणं संपल्यावर गर्दीतून एक म्हातारा हाकेवाला ओरडला, "महागूनं बराबर केलं! असंच मराले पाह्यजे होता तो!"

बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मैनाबाई वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"बराबर नाही केलं," ती म्हणाली. "मोकळा केला त्याले. तो जिता असता, तर आज या गाडीवर म्या त्याले उभा केला असता. त्याच्या तोंडानं वदवलं असतं. अन् मंग रोज या बाजारातून चालवलं असतं, मरेपर्यंत."